पाचव्या उद्गाराचं पाणी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणीच नाही. मंगळवार पेठेतली एक अरुंद वाट. सकाळचे सहा. एप्रिलमधला उजेड, हळदीच्या पाण्यासारखा, अजून कौलांपर्यंतच उतरलेला. डावीकडे काळ्या दगडाचं जुनं चर्च आणि त्याच्या कुशीत एक कडुनिंब. उजवीकडे गुंडूची चहाची गाडी, ताडपत्री ओढून झोपलेली. आणि मधोमध, चर्चच्या फाटकाला लागून, पत्र्याच्या सावलीत दोन मोठे रांजण, अंगाला ओली पोती गुंडाळून बसलेले, जणू दोन म्हाताऱ्या शाली लपेटून कुणाची तरी वाट बघतायत. वर पत्र्यावर निळ्या रंगात चार ओळी आहेत. निम्मी अक्षरं उन्हानं खाल्लीत, पण रोजच्या माणसाला ती वाचावी लागत नाहीत: लहानातल्या लहानाला जो पेलाभर गार पाणी देईल, त्याचं प्रतिफळ बुडणार नाही.

तिसरी घंटा होत नाही. पाणी ओतल्याचा आवाज होतो, आणि चर्चमागच्या दोन खोल्यांच्या विंगेतून तबीथाबाई येतात.

वय अडुसष्ट. अंगात निळं सुती लुगडं, पायात काही नाही, कमरेवर घागर. चालणं असं की घागरीतलं पाणी हलावं पण सांडू नये. लग्न होऊन या खोल्यांत आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नवरा, एलीशा, चर्चची झाडलोट करायचा आणि रविवारी घंटा वाजवायचा. तो गेला, घंटेचा दोर तबीथाबाईंच्या हातात आला. पाणपोई मात्र पहिल्या उन्हाळ्यापासून त्यांचीच. त्यांच्या या प्रवेशाला टाळी कधी पडली नाही, आणि तो कधी चुकलाही नाही.

क्रम ठरलेला. रांजणातलं कालचं पाणी कडुनिंबाच्या मुळाशी. मग काथ्यानं रांजण आतून घासायचे. तिहेरी फडक्यातून नवं पाणी गाळून भरायचं, त्यात वाळ्याची जुडी सोडायची, वर लाकडी झाकण, झाकणावर लांब दांड्याचं पितळी ओगराळं. ओगराळ्याला साखळी नाही. कुणी विचारलं, "मावशी, चोरून नेलं तर?" तर म्हणायच्या, "नेऊ दे की. नेणाऱ्याच्या घरात बी त्ये पाणीच वाढंल." बोलणं पेठेतल्या बायकांचं, 'मी आलो, मी चाललो' अशा पुरुषी थाटाचं. ओळख असो नसो, उन्हातून आलेल्या प्रत्येकाला एकच वाक्य: "या पावणं, पाणी घ्या."

वचनं त्यांना पुष्कळ पाठ होती, पण ती त्या कुणाच्या अंगावर फेकत नसत. वचन ऐकलं की त्यांचे हात चालायला लागत. पाळकांनी मिठावर प्रवचन केलं, तर सोमवारी घामाघूम हमालाला पाण्याबरोबर चिमूटभर मीठ-साखर मिळायची. दिवा मापाखाली लपवू नका यावर प्रवचन झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या दिव्याची काच पुसायला बाई स्टुलावर चढलेल्या. गुंडू गाडीमागून ओरडायचा, "मावशी, तुमच्या पाळकास्नी सांगा, श्रद्धेनं डोंगर हलतोय ह्येच्यावर बोलू नका म्हणावं. न्हाईतर उद्या पन्हाळा उचलून पेठेत आणशीला!"

"आणतो की. पयला तुज्या गाडीवर ठेवतो," तबीथाबाई म्हणायच्या.

असा हसताखेळता प्रवेश. पण सव्वासहा वाजले की समोरच्या निळ्या दाराची कडी वाजायची, आणि तबीथाबाईंचा हात रांजणाच्या काठावर थबकायचा.

त्या दारातून शेवंताबाई बाहेर पडत. तबीथाबाईंच्याच वयाच्या, अंगानं सडपातळ, नजर ताठ. जन्मभर शाळेत शिपाई म्हणून घंटा दिलेली बाई. आता निवृत्त, पण पाऊल अजून तासाच्या ठोक्यावर पडायचं. बगलेत घरच्या पाण्याची हिरवी बाटली. रांजणांच्या अगदी अंगावरून त्या पुढं जायच्या, डावीकडं न बघता. बोलणं नाही, मान हलवणं नाही. वळणावर दिसेनाशा झाल्या की तबीथाबाई पुन्हा काथ्या उचलायच्या.

सहा वर्षं हा मुका प्रवेश चालू होता. त्याआधीची चाळीसेक वर्षं मात्र वेगळी.

तेव्हा रांजण भरला की पहिलं ओगराळं शेवंताबाईंचं असायचं. "सलाम ग," तबीथाबाई म्हणायच्या. "जयभीम," शेवंताबाई म्हणायच्या. मग पाणी तोंडात घोळवायचं, आभाळाकडं बघायचं, आणि एखाद्या जाणकार परीक्षकासारखा निकाल द्यायचा: "आज वाळा कमी पडलाय." वाळा कितीही घाला, निकाल तोच. तबीथाबाईंनी एकदा रागानं तिप्पट घातला. शेवंताबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आज जरा बरा हाय. तरी कमीच." दोघी रांजणाला धरून हसल्या होत्या.

दोघींची मुळं एकाच मातीतली, पेठ वडगावजवळच्या एका वस्तीतली. दोघींच्या आज्ज्या गावच्या आडापासून लांब, रिकामी मडकी घेऊन उभ्या राहत. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. ऊन डोक्यावर येईपर्यंत दया यायचीच असं नाही. पुढं एका घरानं मिशनची वाट धरली, दुसऱ्यानं छप्पन साली धम्माची. वाटा दोन झाल्या, पण ती तहान दोन्ही घरांत सारखीच सांगितली गेली. लहानपणी गोष्ट म्हणून ऐकलेली, आणि पुढं रांजणाशेजारी बसून एकमेकींना पुन्हा सांगितलेली. पाणपोईची कल्पनासुद्धा त्या गोष्टीतूनच निघाली होती. पहिला रांजण कुंभारवाड्यातून दोघींनी मिळून आणला होता, डोक्यावरून, पाळीपाळीनं.

तर असं सगळं असताना, यंदाचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, पंधरा दिवसांवर आला आणि तरुण पाळक रांजणापाशी येऊन उभे राहिले. मुरगूडकडचा मुलगा. दोनच वर्षांपूर्वी या मंडळीत, म्हणजे या चर्चच्या लोकांत, आलेला. अजून चेहऱ्यावर कॉलेज होतं.

इथं एक रीत सांगायला हवी. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना चालते. क्रुसावरून प्रभू जे सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं बोलतात. आता या मंडळीत काय झालं होतं, की एकेक उद्गार एकेकाच्या नावावर चढला होता, सातबाऱ्यावर जमीन चढावी तसा. पहिला डॉक्टरांचा, दुसरा वकिलांचा, आणि पाचवा, 'मला तहान लागली आहे' हा, केरबा गुरुजींचा. एकतीस वर्षं. गुरुजी त्या एका वाक्यातून सात मुद्दे काढत आणि पाचव्या मुद्द्याला लोकांना खरोखरच तहान लागे. जानेवारीत गुरुजी देवाघरी गेले, आणि पाचवा उद्गार मोकळा झाला.

"मावशी, पाचवा उद्गार यंदा तुम्ही घ्यायचा," पाळक म्हणाले.

"सतरंज्या किती घालायच्या त्येवढं सांगा."

"सतरंज्या आम्ही घालतो. तुम्ही बोलायचं."

"पाळकसायेब, चवथी शिकलेली बाई मी. मला बोलाय येत न्हाय."

"रोज दोनशे माणसांशी बोलता की."

"त्ये निस्तं 'पाणी घ्या' म्हणतो."

"मग तेवढंच बोला. उद्गार तरी केवढा आहे? आणि पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं इथं?"

तबीथाबाईंचा चेहरा विझला. "पाण्याचं तेवढं माज्याशी बोलू नका," त्या पुटपुटल्या.

पाळकांना तो संकोच वाटला. त्यांनी वहीत नाव लिहिलं आणि ते गेले.

त्या दुपारी तबीथाबाई कडुनिंबाखाली चटई टाकून पडल्या. झोप नव्हती, जागही नव्हती. पानांतून उन्हाचे कवडसे हलत होते, आणि हलता हलता ते पाण्यासारखे दिसायला लागले. मग पाणी वाढलं. झाडाखाली, पेठेत, साऱ्या गावाभोवती तांबडं, संथ, ओळखीचे रस्ते गिळत चाललेलं पाणी.

पुराचं साल. पंचगंगा शहरात शिरली होती. पेठेत पूर आला नव्हता, पण पाणी उपसणारी यंत्रंच बुडाली आणि नळ कोरडे पडले. चारी बाजूंना पाणी, आणि प्यायला थेंब नाही. चर्चच्या मागं मिशनच्या काळातला दगडी हौद होता, त्यात कमरेइतकं पाणी होतं. तबीथाबाईंनी चार दिवस सगळ्या बोळाला ते ओगराळ्यानं मोजून वाटलं. हौदाचा तळ दिसायला लागला तेव्हा शुक्रवार उजाडला.

रविवारी मुरगूडकडच्या तीन लेकरांचा बाप्तिस्मा ठरलेला होता. आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याची एक शिस्त तबीथाबाईंना सासूनं लावून दिली होती. शुक्रवारी दोन तांब्याचे हंडे चिंचेनं घासायचे, पाणी तीनदा गाळून भरायचं, वेस्ट्रीत, म्हणजे पाळकांचे झगे असतात त्या खोलीत, पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवायचं. मग रविवारपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ते वेगळं काढलेलं पाणी. खरं तर बाप्तिस्म्याला ओंजळभर पुरतं. पण सासूनं दोन हंडे सांगितले होते, म्हणून दोन हंडे. तळाचं पाणी गाळून गाळून त्यांनी ते भरले, आणि हौद संपला.

शनिवारी सकाळी शेवंताबाई रिकामी कळशी घेऊन आल्या. त्यांचे मालक गणपतराव तापानं फणफणले होते.

"तबा, ह्यास्नी ताप भरलाय. रात्रीधरनं पाणी पाणी करालेत. तांब्याभर दे."

"हौद संपला ग."

"आणि त्ये?" शेवंताबाईंना वेस्ट्रीच्या उघड्या दारातून पांढरं फडकं दिसलं होतं.

"त्ये उद्याचं हाय. देवाचं म्हणून काढलंय."

शेवंताबाई आधी हसल्या. त्यांना वाटलं थट्टा आहे. मग त्यांनी बघितलं, की तबीथाबाई दारात आडव्या उभ्या आहेत आणि त्यांचा एक हात चौकटीवर आहे. हसू हळूहळू मावळलं. आडाच्या काठापासून किती लांब उभं राहायचं हे ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या शिकलं होतं, त्या घरातली बाई दोन पावलं मागं सरली.

"देवाला तहान लागलीया व्हय ग?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

दोन तासांनी तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, टँकर आला. गणपतरावांना पाणी मिळालं, ताप उतरला, पुढं तीन वर्षांनी ते गेले ते निराळ्याच दुखण्यानं. म्हणजे कुणाचं काही बिघडलं नाही. कुणी बोट दाखवावं असं काही झालंच नाही. फक्त रविवारी मुरगूडचा रस्ता बंद होता. लेकरं आली नाहीत. अकरा माणसांची उपासना झाली, बाप्तिस्मा पुढं ढकलला. दोन्ही हंडे तसेच राहिले. आणि त्या आठवड्यात कधीतरी, नळाला पहिल्यांदा पाणी आलं त्या सकाळी, तबीथाबाईंनी ते दोन हंडे एकट्यानं उचलून कडुनिंबाच्या मुळाशी रिते केले. कुणी बघितलं नाही. झाडानं बघितलं.

चटईवर पडल्या पडल्या त्यांनी डोळे उघडले. वर तेच झाड, तीच पानं. सहा वर्षं कालचं पाणी त्या ह्याच झाडाला घालत होत्या आणि दर वेळी त्यांना वाटायचं, झाड काहीतरी विचारतंय.

पुढच्या रविवारी त्याच झाडाखाली मुलांचा शब्बाथ शाळेचा, म्हणजे बायबलच्या धड्यांचा, वर्ग भरला. तबीथाबाई पलीकडं रांजण घासत होत्या. मुलं सुरात पाठ म्हणत होती: दावीद भुकेला झाला, तो देवाच्या घरात गेला, याजकाजवळ साधी भाकर नव्हती, देवापुढं मांडलेल्या पवित्र भाकरी तेवढ्या होत्या, आणि याजकानं त्याच त्याला दिल्या.

तबीथाबाईंचा हात थांबला. हा पाठ त्यांचाच. नऊ वर्षांच्या असताना हाच घडाघडा म्हणून त्यांनी बक्षीस मिळवलं होतं, शिंपल्याच्या पाठीचा आरसा. साठ वर्षं तो पाठ त्यांच्या तोंडात होता. नटाचंही असंच होतं. वाक्य पाठ असतं, शंभर प्रयोगांत बिनचूक म्हटलेलं असतं, आणि मग कुठल्या तरी आडगावात, अर्ध्या रिकाम्या तंबूत, तेच वाक्य बोलताना नटाच्या अंगावर सर्रकन काटा येतो, की अरे, याचा अर्थ हा होता. प्रभूनं स्वतः ही गोष्ट नियम मोजणाऱ्यांना सांगितली होती. वेगळं काढलेलं कुणासाठी असतं, हे सांगायला.

"मावशी, पाणी!" मुलांचा गलका आला. त्यांनी ओगराळं भरलं. पहिल्या ओंजळीत ओतलं.

शुक्रवारी आपण काय बोलायचं हे त्यांना आता कळलं होतं. पण ते आधी मंडळीला सांगायचं नव्हतं. आधी समोरचं निळं दार होतं.

गुरुवारी दुपार कलल्यावर त्या गेल्या. अंतर वीस पावलांचं. शेवंताबाई उंबऱ्यावर बसून कोथिंबीर निवडत होत्या.

"काय ग, वाट चुकलीस व्हय?"

"न्हाय. बोलाय आलोय."

"बोल की. सा वर्सं झाली, आवाज कसा हाय तुजा त्येबी इसरलोय मी."

तबीथाबाई उभ्याच. बसायला कुणी म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. कोल्हापुरात दारात आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"त्या दिवशीचं पाणी..."

"कुठल्या दिवशीचं?" शेवंताबाईंना सगळं समजलं होतं, पण त्या सहजी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

"पुरातलं. त्ये देवाला बी लागलं न्हाय ग. पोरंच आली न्हाईत. मागनं निंबाला वतलं मी."

कोथिंबिरीची काडी हातात तशीच राहिली. हे शेवंताबाईंना ठाऊक नव्हतं.

"दोन्ही हंडे?"

"दोन्ही."

"मग झाड लई खूश झालं असंल."

"शेवंता, चुकलो मी."

शेवंताबाईंनी काडी खाली ठेवली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "दुसऱ्या कुणी न्हाय म्हटलं असतं न्हवं, मी चार शिव्या हासडल्या असत्या आणि संध्याकाळी इसरलो असतो. तू म्हणालीस. तुजी आज्जी कुटं हुबी ऱ्हायची, माजी कुटं हुबी ऱ्हायची, त्ये तुला ठावं असताना तू म्हणालीस. दारात हात आडवा घालून."

"व्हय."

"आणि आता सण आला म्हणून मन धुवाय आलीस?"

"उद्या देवळात बोलायचं हाय मला. तहानेवर. तूच म्हणालतीस त्ये."

"मी काय म्हणालतो?"

"देवाला तहान लागलीया व्हय, म्हणून."

"त्ये रागानं म्हणालतो ग मी."

"शास्त्रात बी त्येच हाय. लागलीवती त्येला. खरोखरची. आणि साधं पाणी कुणी दिलं न्हाय."

शेवंताबाईंनी काडी परत उचलली. रस्त्यावरून एक सायकल गेली. गुंडूच्या गाडीवर कपबशा वाजल्या.

"तुजं पाणी मी पिणार न्हाय, तबा. येवढं सांगून ठेवतो. पर ऐकाय येतो. मागच्या बाकड्यावर बसतो. आपलं झाकून बोललीस तर तितनंच हाक मारीन, ध्यानात ठेव."

"ये," तबीथाबाई म्हणाल्या, आणि वीस पावलं परत आल्या.

उत्तम शुक्रवार. बाराचं ऊन चर्चच्या उंच खिडक्यांतून तिरपं उतरलेलं, आणि त्या उजेडाच्या पट्ट्यांत धुळीचे कण असे तरंगत होते की सगळी उपासना जणू पाण्याखाली चालली आहे. पांढरे कपडे, पंख्यांची घरघर. त्या दिवशी मंडळीतले बहुतेक लोक तीन वाजेपर्यंत अन्नपाणी घेत नाहीत. तबीथाबाईंनी तर पन्नास वर्षं तो उपास मोडला नव्हता. सकाळी सुकल्या ओठांनी त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यासाठी रांजण भरले होते.

डॉक्टर बोलले, वकील बोलले. गीतं झाली. चौथा उद्गार संपला आणि पाळकांनी मान वळवली.

व्यासपीठाच्या तीन पायऱ्या तबीथाबाईंनी हजारदा झाडल्या होत्या. चढून लोकांकडं तोंड करून उभं राहायची वेळ पहिलीच. समोरचे चेहरे ओळखीचे, पण इथून ते पाण्यात पडलेल्या सावल्यांसारखे दिसत होते. शेवटच्या बाकावर शेवंताबाई. पांढरं लुगडं, मांडीवर हिरवी बाटली.

"प्रभू म्हणाला, मला तहान लागलीया," तबीथाबाईंनी सुरुवात केली. आवाज बारीक, पण मायकानं तो उचलला. "मला वाटायचं, देवच त्यो. त्येला कशाची तहान? म्हणूनशान मी त्येचं पाणी संभाळून ठेवायचो. फडक्याखाली."

मग त्यांनी सांगितलं. हौदाचं, हंड्यांचं, शनिवार सकाळचं. आपल्याला सोयीचा एकही शब्द मध्ये घातला नाही. "कळशी घेऊन त्यो माज्या दारात आलता. मी वळखलं न्हाय. त्येलाच म्हणालो, ह्ये देवाचं पाणी हाय, तुला मिळणार न्हाय." त्यांनी शेवटच्या बाकाकडं बघितलं. "आणि त्ये पाणी... त्ये पाणी मी मागनं..."

इथं घसा बंद झाला. दिवसभराचा कोरडा घसा, वर सहा वर्षांचं ओझं. त्यांनी आवंढा गिळला, तो मायकात ऐकू आला. खोकल्याची उबळ आली. ओठ हलले, शब्द उमटेना. त्यांनी व्यासपीठाची कड घट्ट धरली.

पाळक अर्धवट उठले आणि थांबले. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांनी एकमेकांकडं पाहिलं. पाणी द्यावं, तर बाईंचा पन्नास वर्षांचा उपास मोडेल. आजच्या दिवशी चर्चमध्ये पाण्याचा थेंबही ठेवत नाहीत. काय योग्य, काय अयोग्य, याचा विचार शंभर डोक्यांत चालू होता. तहानेवरचं प्रवचन ऐकायला बसलेली शंभर माणसं, आणि पाण्याला कुणी उठेना.

मागचं बाक करकरलं. शेवंताबाई उठल्या आणि दाराबाहेर गेल्या.

गेली, तबीथाबाईंना वाटलं. दारातल्या उन्हाच्या चौकोनात त्यांना नुसता झगझगीत उजेड दिसला. डोळे भरून आले होते, म्हणून तो उजेडही हलत होता.

मग त्या चौकोनात एक आकृती उभी राहिली. हातात लांब दांड्याचं पितळी ओगराळं. हिरवी बाटली बाकावर तशीच पडली होती. मधल्या वाटेनं शेवंताबाई आल्या, सावकाश, एकेक पाऊल तोलून, आणि त्यांच्या मागं सतरंजीवर थेंबांची ओळ उमटत गेली. ती वाट किती लांबीची? पंधरा हात असेल. पण बघणाऱ्यांना वाटलं, की ही बाई फार लांबून, दुसऱ्याच कुठल्या आडाच्या काठावरून चालत येते आहे.

तिन्ही पायऱ्या त्या चढल्या. ओगराळं पुढं केलं.

"पी."

तबीथाबाईंनी मान हलवली. ओठांनी शब्द झाला, आवाज झाला नाही: उपास हाय.

"देवाचा व्हय?" शेवंताबाई म्हणाल्या. "पी म्हणालोय न्हवं."

तबीथाबाईंनी व्यासपीठाची कड सोडली. मग दोन्ही हातांनी ओगराळं धरलं आणि प्यायल्या. घोटाघोटाचा आवाज मायकातून सगळ्या चर्चला ऐकू गेला. निम्मं झाल्यावर त्या थांबल्या. ओगराळं परत केलं, आणि शेवंताबाईंनी ते घेतलं.

आता त्यांच्या हातात निम्मं पाणी होतं. त्यांनी ते खाली ठेवलं नाही, ओतून दिलं नाही. क्षणभर त्यात नुसत्या बघत राहिल्या. मग मान मागं टाकली, ओगराळं उंच धरलं आणि वरून धार तोंडात घेतली. सगळी. डोळे मिटले, पाणी घोळवलं, छताकडं बघितलं.

"वाळा कमी पडलाय," त्या म्हणाल्या.

पहिल्या बाकावरच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पाळक अर्धवट उठले होते ते तसेच राहिले. तबीथाबाईंनी समारोप पाठ केला होता, प्रार्थनाही ठरवून ठेवली होती. त्यातलं काहीच त्यांना आठवलं नाही, आमेनसुद्धा म्हणायचं राहून गेलं. समोर मंडळी आहे, मायक चालू आहे, हे सगळं विसरून त्यांनी शेवंताबाईंचा हात धरला आणि त्या म्हणाल्या, "उद्या जास्ती घालतो. येशील न्हवं?"